शाकाहार व जीवनसत्त्वपूरके

प्राणिज पदार्थ पूर्णतः वा अंशतः वर्ज्य करणाऱ्या आहारातून शरीराला लागणारी सर्व जीवनसत्त्वे मिळतात किंवा नाही आणि न मिळाल्यास ती गोळ्या, थेंब, इंजेक्शने किंवा समृद्ध केलेले अन्न यांच्या रूपाने वेगळी घ्यावी लागतात काय, हा आहारशास्त्रातील एक जुना पण अद्यापि व्यवहारात नीट न उतरलेला प्रश्न आहे. मान्यता पावलेल्या १३ जीवनसत्त्वांपैकी ११ जीवनसत्त्वे वनस्पतिज अन्नातून, प्रत्यक्ष वा पूर्वगामी द्रव्याच्या रूपाने, मिळू शकतात. उरलेल्या दोहोंपैकी ड जीवनसत्त्वाचा संबंध आहारापेक्षा सूर्यप्रकाशाशी अधिक आहे व त्याची उणीव मांसाहारी लोकांतही आढळते. ब१२ हे जीवनसत्त्व मात्र कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीला पूरक द्रव्याची गरज आहे काय, हा प्रश्न वस्तुतः ब१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न ठरतो. दूधही न घेणाऱ्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. दूध घेणाऱ्यांच्या बाबतीत ते दुधाच्या प्रमाणावर अवलंबून असून भारतात हे प्रमाण पुष्कळदा अपुरे पडते.

शाकाहार या शब्दाने निरनिराळ्या आहारपद्धती दर्शविल्या जातात. भारतात शाकाहार म्हणजे सामान्यतः दुग्धशाकाहार. मांस, मासे व अंडी वर्ज्य, परंतु दूध, दही, ताक, लोणी व तूप ग्राह्य. पाश्चात्त्य देशांत शाकाहारी म्हणविणारे पुष्कळ लोक अंडीही खातात. दूध, दही, तूप व मध यांसह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांचा ‘व्हीगन’ हा पंथ १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये संस्थारूपाने पुढे आला व अलीकडे भारतीय शहरांतही त्याचे अनुयायी आढळतात. महाराष्ट्रात जैन व काही ब्राह्मण, वाणी इ. समाजांत वंशपरंपरागत, तर माळकरी वारकऱ्यांत व्रत म्हणून शाकाहार पाळला जातो. याखेरीज मांसाहार निषिद्ध नसूनही वार, उपवास व मुख्यत्वे दारिद्र्य यांमुळे महिन्यातून एखाद्या वेळीच मांस वा मासे खाणारा फार मोठा वर्ग आहे. पोषणाच्या दृष्टीने हा वर्ग जवळजवळ शाकाहारीच समजावा लागतो. किंबहुना त्याच्या ताटात दूधही कमी असल्याने त्याची स्थिती पिढीजात शाकाहाऱ्यांपेक्षा पुष्कळदा बिकट असते.

इतर जीवनसत्त्वांविषयी फारसे विवेचन करण्याची आवश्यकता नाही. अ जीवनसत्त्वाचे पूर्वगामी कॅरोटीन शेवगा, राजगिरा, मेथी इ. पालेभाज्या, गाजर, पपई व आंबा यांत विपुल असते. मात्र त्याच्या अवशोषणासाठी जेवणात थोडे तेल वा तूप असावे लागते. क जीवनसत्त्व आवळा, पेरू व लिंबूवर्गीय फळे यांत, ई जीवनसत्त्व खाद्यतेलांत, तर के जीवनसत्त्व हिरव्या पानांत असते. ब गटातील थायामीन, निॲसीन, फॉलिक अम्ल इत्यादींचा पुरवठा धान्ये, कडधान्ये व शेंगदाणे करतात. जोंधळा वा बाजरीची भाकरी, डाळ अथवा उसळ, पालेभाजी, थोडे ताक व एखादे फळ अशा जेवणाने यांपैकी कशाचीही उणीव राहण्याचे कारण नाही. ती राहते तेव्हा दोष शाकाहाराचा नसून तुटपुंज्या वा एकसुरी आहाराचा असतो.

ब१२ जीवनसत्त्व : (कोबालामीन). हे कोबाल्ट धातूचा अणू केंद्रस्थानी असलेले, तांबड्या रंगाचे व जीवनसत्त्वांत सर्वांत जटिल रचनेचे संयुग आहे. निसर्गात ते केवळ काही सूक्ष्मजंतू तयार करतात. प्राण्यांनाही ते बनविता येत नाही. ते प्राण्यांच्या शरीरात साठते एवढेच. गाय, म्हैस, शेळी, मेंढी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या जठरकप्प्यात असंख्य सूक्ष्मजंतू असतात. चाऱ्यातील कोबाल्ट वापरून ते ब१२ तयार करतात, पुढे आतड्यात ते शोषले जाते व तेथून मांस, यकृत आणि दूध यांत उतरते. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत मुबलक गवत असूनही मेंढ्या खंगून मरत असत; १९३०–४० या दशकात असे आढळले की, तेथील जमिनीत कोबाल्ट नाही व अत्यल्प कोबाल्ट लवण चारल्यास मेंढ्या सुधारतात. गवत खाऊन जगणाऱ्या प्राण्यालाही ब१२ गवतातून मिळत नाही, हे यावरून दिसून येते. माणसाच्या बृहदांत्रातही असे सूक्ष्मजंतू ब१२ तयार करतात. परंतु या जीवनसत्त्वाचे अवशोषण त्याच्या अलीकडे, लघ्वांत्राच्या शेवटच्या भागात होत असल्याने ते बहुतांशी मलावाटे वाया जाते. वेल्लोर येथील संशोधकांनी १९८० मध्ये लघ्वांत्रातील काही सूक्ष्मजंतूही ब१२ तयार करू शकतात, असे दाखविले. त्यापासून मिळणारा पुरवठा गरज भागविण्याइतका असतो, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ एका असाध्य रोगापासून झाला. इंग्रज वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये वर्णन केलेला मारक पांडुरोग पुढील पाऊणशे वर्षे प्राणघातकच होता. १९२६ मध्ये अमेरिकन वैद्य जॉर्ज मायनट व विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज मोठ्या प्रमाणात यकृत खाऊ घालून तो बरा करता येतो, असे दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना व जॉर्ज व्हिपल यांना १९३४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर विल्यम कॅसल यांनी निरोगी जठरातील एक घटक असल्याखेरीज अन्नातील औषधी घटक रुग्णाच्या शरीरात शोषला जात नाही, असे सिद्ध केले. यकृतातील घटक शुद्ध स्फटिकरूपात वेगळा काढण्यात १९४८ मध्ये अमेरिकेत कार्ल फॉकर्स व त्यांचे सहकारी आणि इंग्लंडमध्ये लेस्टर स्मिथ यांना जवळजवळ एकाच वेळी यश आले. त्याची संरचना डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ च्या सुमारास निश्चित केली.

या इतिहासाचा एक धागा मुंबईशी निगडित आहे. लूसी विल्स या इंग्रज स्त्री-वैद्य १९२८ मध्ये मुंबईस आल्या व गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या, मोठ्या आकाराच्या तांबड्या कोशिका दिसणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मारक पांडुरोगावर गुणकारी ठरणारा शुद्ध केलेला यकृतार्क या स्त्रियांना मात्र उपयोगी पडत नव्हता. त्यावरून येथे दुसराच घटक असावा, असे अनुमान निघाले. तो घटक म्हणजे फॉलिक अम्ल. रक्तपेशींची घडण ब१२ व फॉलिक अम्ल या दोहोंवर अवलंबून असते आणि दोहोंच्या उणिवेत रक्ताचे चित्र सारखेच दिसते. या साम्यामुळे निर्माण होणाऱ्या धोक्याचा उल्लेख पुढे केला आहे.

गरज, अवशोषण व साठा : प्रौढ व्यक्तीला ब१२ ची रोजची गरज सु. २ ते २·५ मायक्रोग्रॅम (१ मायक्रोग्रॅम = १ ग्रॅमचा दहा लाखावा भाग) एवढी अल्प असते; गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना ती थोडी अधिक असते. अन्नातील ब१२ प्रथिनांशी निगडित असते. जठरातील अम्ल व पेप्सीन यांमुळे ते सुटे होते, जठराच्या अस्तरातून स्रवणाऱ्या आंतर घटक या प्रथिनाशी त्याचा संयोग होतो व शेषांत्रात हा संयुक्त रेणू शोषला जातो. या मार्गाची क्षमता मर्यादित असून एका जेवणातून सु. १·५ ते २ मायक्रोग्रॅम एवढेच जीवनसत्त्व त्याद्वारे आत जाऊ शकते. त्याहून मोठी मात्रा घेतल्यास जादा भागापैकी सु. १ टक्का आंतर घटकाच्या मदतीविना, केवळ विसरणाने शोषला जातो. गोळ्यांतील मात्रा गरजेच्या कित्येक पट का असते, याचा उलगडा यावरून होतो.

निरोगी मांसाहारी व्यक्तीच्या शरीरात, मुख्यत्वे यकृतात, २ ते ५ मिग्रॅ. साठा असतो व रोज त्याचा सु. एक हजारावा भागच खर्ची पडतो. पित्तावाटे आतड्यात आलेले ब१२ पुन्हा शोषून घेतले जात असल्याने हा साठा अनेक वर्षे पुरतो. म्हणूनच मांसाहार वा दूध सोडल्यावर लागलीच काहीही बिघडत नाही व ‘दहा वर्षे काही न खाता मला काही झाले नाही’ असा अनुभव प्रामाणिकपणे सांगणारे लोक भेटतात. जन्मापासून शाकाहारी असलेल्या व्यक्तीचा साठा मात्र मुळातच लहान असतो. तिला एवढी मुदत मिळत नाही.

उणिवेचे परिणाम : शरीरात ब१२ दोन विक्रियांसाठी आवश्यक असते. त्यांपैकी एकीत होमोसिस्टीन या अमिनो अम्लाचे मिथिओनिनात रूपांतर होते. ही विक्रिया खुंटली की, फॉलिक अम्ल निरुपयोगी रूपात अडकून पडते, कोशिकांतील आनुवंशिक द्रव्याची निर्मिती मंदावते व अस्थिमज्जेत मोठ्या, अपक्व कोशिका साचून पांडुरोग होतो. दुसरी विक्रिया काही वसाम्लांच्या चयापचयाशी संबंधित असून ती बिघडल्यास मिथिलमॅलॉनिक अम्ल रक्तात व मूत्रात वाढते. तंत्रिकांभोवतीच्या मेदयुक्त आवरणाची घडणही ब१२ अभावी बिघडते.

आरंभीची लक्षणे संदिग्ध असतात : थकवा, जिभेची आग, अंगाचा फिकेपणा, बोटांच्या पेरांवर येणारा काळपटपणा, हातापायांस मुंग्या येणे. पुढे पायांखालची जमीन नीट जाणवेनाशी होते. अंधारात किंवा डोळे मिटून चालताना तोल जातो. स्मृती मंदावते, चिडचिड वा उदासीनता येते. मेरुरज्जूच्या मागील व बाजूच्या पट्ट्यांचा अपकर्ष झाल्यास चालणे कठीण होते. पांडुरोग उपचाराने पूर्ण बरा होतो. तंत्रिकांचा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला बिघाड मात्र कायमचा राहू शकतो. वृद्धांच्या बाबतीत ही सर्व लक्षणे वयाच्या नावावर खपून जातात, ही यातील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

तंत्रिकांचा बिघाड पांडुरोगाविनाही होऊ शकतो. ब१२ ची उणीव असलेल्या व्यक्तीस केवळ फॉलिक अम्ल भरपूर दिल्यास रक्त सुधारते, पण मेरुरज्जूचा अपकर्ष चालूच राहतो. रोगाची दर्शनी खूण पुसली जाते आणि रोग मात्र आत पुढे सरकतो. शाकाहारी आहारात फॉलिक अम्ल मुळातच चांगल्या प्रमाणात असल्याने त्यांच्यात पांडुरोग उशिरा दिसून येण्याचा संभव असतो. भारतातील गरोदर स्त्रियांना सरकारी कार्यक्रमात लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्यांची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु ज्या समाजात ब१२ ची उणीव व्यापक आहे तेथे त्यांच्या जोडीला ब१२ असावे, हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

सर्वांत मोठी हानी तान्ह्या मुलांची होते. मातेच्या शरीरात ब१२ चा साठा नसेल, तर मूल अत्यल्प साठा घेऊनच जन्मते व तिच्या दुधातूनही त्यास ते मिळत नाही. जन्मतः सुदृढ दिसणारे असे मूल साधारणतः सहाव्या महिन्यानंतर मंद होऊ लागते. हसणे, मान धरणे, बसणे यांसारख्या आलेल्या क्रिया ते विसरते, केस विरळ व पिंगट होतात, हाताच्या पेरांवर काळे डाग पडतात आणि काही मुलांत हातपाय व डोके कापू लागते. वेल्लोर येथील वैद्यांनी भारतीय अर्भकांतील या लक्षणसमूहाचे ब१२ च्या उणिवेशी असलेले नाते १९६२ मध्ये दाखवून दिले. बाळ गुटगुटीत असल्याने घरच्यांना उपासमारीची शंका येत नाही. इंजेक्शने दिल्यावर काही दिवसांतच मूल पुन्हा टवटवीत होते. उपचारास विलंब झाल्यास बुद्धीच्या वाढीत उणेपणा राहण्याचा धोका असतो. अशा मुलाबरोबर मातेलाही उपचार देणे आवश्यक असते, कारण रोगाचे मूळ तिच्या ताटात असते.

शाकाहारी समाजांतील आढळ : प्राणिज पदार्थ पूर्णपणे सोडणाऱ्या इंग्लंडमधील लोकांत ब१२ च्या उणिवेची लक्षणे १९५०–६० या दशकातच नोंदली गेली होती. लंडनच्या हॅरो भागातील हिंदू शाकाहारी समाजात मोठ्या कोशिकांचा पांडुरोग वारंवार आढळतो, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी एक तर्क मांडला जाई : भारतात भाज्यांना चिकटलेली माती, धान्यातील किडे व दूषित पाणी यांतून नकळत ब१२ मिळते आणि इंग्लंडमधील स्वच्छ अन्नामुळे ते बंद होते. तर्क आकर्षक होता; परंतु पुढे भारतातच मोजमाप झाल्यावर त्याचा आधार बराच ढासळला. पुणे येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी, परदेशी संशोधकांच्या साहाय्याने, केलेल्या पाहणीत (२००१) २०४ व्यक्तींपैकी ४७% व्यक्तींच्या रक्तात ब१२ कमी आढळले. त्यानंतर पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत (२००६) हे प्रमाण ६७% व त्यांपैकी शहरी मध्यमवर्गीयांत ८१% निघाले. खाऊनपिऊन सुखी समजल्या जाणाऱ्या वर्गात ते सर्वाधिक असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. शाकाहार हे त्यामागील प्रमुख कारण दिसले. गरीब वस्त्यांतील लोक अधूनमधून का होईना अंडी व मांस खातात, याचा परिणाम आकड्यांत उमटलेला असावा.

रक्तातील प्रमाण कमी असणे व रोगी असणे या दोन गोष्टी अर्थातच एक नव्हेत. पुष्कळांत लक्षणे नसतात व काहींच्या मते भारतीयांसाठी रक्तातील किमान मर्यादा वेगळी मानावी लागेल. मात्र या पाहण्यांत कमी ब१२ असलेल्यांत होमोसिस्टीन व मिथिलमॅलॉनिक अम्ल वाढलेलेही आढळले आणि ते कोशिकांना खरोखरच उणीव जाणवत असल्याचे लक्षण आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या गरोदर मातांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्या मातांत ब१२ कमी व फॉलिक अम्ल अधिक होते त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनाला कमी दाद देणारी असल्याचे दिसले (२००८). हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही पुढील पिढीतील मधुमेहाच्या दृष्टीने तो विचार करावयास लावतो.

दूध व इतर स्रोत : गाईच्या वा म्हशीच्या १०० मिलि. दुधात ब१२ सु. ०·४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे केवळ दुधावर गरज भागवावयाची, तर रोज अर्धा लिटरहून अधिक दूध वा त्याचे दही लागेल. दुधातील ब१२ चांगले शोषले जाते, परंतु दूध पुनःपुन्हा उकळल्याने त्याचा काही भाग नष्ट होतो व आपल्याकडे घरोघरी तेच केले जाते. दिवसातून तीन-चार कप चहा, जेवणात पातळ ताक आणि भातावर तूप एवढ्याने दूध घेतल्याचे समाधान मिळते, ब१२ मिळत नाही. चहाच्या कपात दूध चार-पाच चमचे असते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने तुपात ते नसल्यातच जमा असते. एका अंड्यात सु. ०·५ मायक्रोग्रॅम ब१२ असते, पण त्याचे अवशोषण कमी होते.

इडली, डोसा, ढोकळा, लोणची इ. आंबविलेल्या पदार्थांपासून ब१२ मिळते, असा समज सुशिक्षितांतही आहे. पीठ आंबविणारे सर्वच सूक्ष्मजंतू ब१२ तयार करीत नाहीत. काही नमुन्यांत आढळणारे प्रमाण अल्प व बेभरवशाचे असते. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शैवलाची जाहिरात ब१२ चा वनस्पतिज स्रोत म्हणून केली जाते. त्यात मुख्यतः आढळते ते मानवी शरीरास निरुपयोगी असे, रचनेने ब१२ सारखे दिसणारे संयुग. मोड आलेली कडधान्ये, अळंबी, न धुतलेल्या भाज्या यांची शिफारसही अधूनमधून केली जाते. यांपैकी कशावरही, विशेषतः गरोदर स्त्रीने, विसंबून राहणे योग्य नाही.

ड जीवनसत्त्व व इतर पोषकद्रव्ये : ड जीवनसत्त्व त्वचेवर सूर्यप्रकाश पडल्याने तयार होते. अन्नांपैकी मेदयुक्त मासे, माशांच्या यकृताचे तेल व अंड्यातील बलक यांतच ते सांगण्याजोगे असते. दुधात ते नैसर्गिक रीत्या फारच कमी असते. बंदिस्त जागेत काम, अंगभर कपडे व उंच इमारतींची सावली यांमुळे भरपूर उन्हाच्या या देशातही त्याची उणीव सर्रास आढळते, मग आहार कोणताही असो. लोह हे जीवनसत्त्व नव्हे. तथापि शाकाहाऱ्यांच्या संदर्भात त्याचा उल्लेख होतोच. वनस्पतिज लोह कमी शोषले जाते. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास ते वाढते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. ओमेगा-३ वसाम्लांसाठी जवसाची चटणी हा महाराष्ट्राच्या काही भागांतील जुना व स्वस्त उपाय आहे. दूध न घेणाऱ्यांनी कॅल्शियमासाठी नाचणी, तीळ व पालेभाज्या यांकडे लक्ष द्यावयास हवे.

पूरके कोणी व कशी घ्यावीत : दूध व अंडी यांसह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ब१२ चे पूरक वा ब१२ ने समृद्ध केलेले अन्न नियमित घेणे आवश्यक आहे, येथे आहाराच्या चतुर नियोजनाने काम भागत नाही. दुग्धशाकाहारी व्यक्तींपैकी गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, दूध अल्प घेणारे, पन्नाशी उलटलेले (वयाबरोबर जठरातील अम्ल घटते), मधुमेहावर मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावर अम्लरोधक औषधे दीर्घकाळ घेणारे आणि जठराची वा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले यांच्या बाबतीतही पूरक घेणे इष्ट ठरते. भरपूर दूध-दही घेणाऱ्या निरोगी तरुण व्यक्तीस ते बहुधा लागत नाही. शंका असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. नुसते ब१२ चे प्रमाण सीमारेषेवर आल्यास होमोसिस्टीन वा मिथिलमॅलॉनिक अम्ल मोजून निर्णय करता येतो.

मात्रेसंबंधी वर दिलेले अवशोषणाचे गणित लक्षात ठेवावे. रोज घ्यावयाची झाल्यास सु. १० मायक्रोग्रॅम पुरते. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची झाल्यास सु. २,००० मायक्रोग्रॅम लागतात. उणीव प्रस्थापित झाली असल्यास, विशेषतः तंत्रिकांची लक्षणे असल्यास, वैद्याच्या देखरेखीखाली १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने प्रथम वारंवार व नंतर अंतराने देतात. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनीही पुष्कळ रुग्णांत रक्तातील प्रमाण पूर्ववत होते. बाजारात सायनोकोबालामीन व मिथिलकोबालामीन ही दोन रूपे मिळतात. पहिले स्वस्त व टिकाऊ असून सामान्य गरजेस पुरेसे आहे. ब१२ जादा झाल्याने विषबाधा होत नाही. ‘सर्व जीवनसत्त्वे एकत्र’ अशा गोळ्या मात्र सरसकट घेऊ नयेत. अ व ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठून अपाय करू शकतात.

अन्न समृद्ध करणे हा सार्वजनिक पातळीवरील उपाय होय. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत समृद्ध तांदूळ व गव्हाचे पीठ यांत लोह व फॉलिक अम्ल यांच्याबरोबर ब१२ ही घालावयाचे आहे आणि २०२१ नंतर असा तांदूळ शासकीय वितरणात टप्प्याटप्प्याने आणला गेला. तांदळातील ब१२ चे प्रमाण दर किग्रॅ.ला ०·७५ ते १·२५ मायक्रोग्रॅम ठेवलेले आहे. म्हणजे २०० ग्रॅम तांदळातून रोज सु. पाव मायक्रोग्रॅमहून अधिक मिळत नाही. तूट भरून काढण्यास हे पुरेसे नाही. दुधाच्या मानकांत अ व ड जीवनसत्त्वांचा समावेश आहे, ब१२ चा नाही.

पूरके स्वतः शाकाहारी आहेत काय, ही शंका पुष्कळांना व्रतपालनाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. आरंभी ब१२ यकृतापासून काढले जाई. लवकरच स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तयार करणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या संवर्धनातही ते सापडले व तेव्हापासून त्याचे औद्योगिक उत्पादन सूक्ष्मजंतूंच्या किण्वनानेच होते. त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. कॅप्सूलचे वेष्टन मात्र बहुधा जिलेटिनाचे, म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनविलेले असते. ड३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतील मेदापासून काढतात. यीस्ट वा अळंबी यांपासून मिळणारे ड२ आणि दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढलेले ड३ हे त्यास पर्याय आहेत. गोळ्या, थेंब किंवा वनस्पतिज वेष्टनातील कॅप्सूल मिळत असल्याने यामुळे उपचार टाळण्याचे कारण राहत नाही.